गोवा प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय राजनीती

दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगालच्या हुकूमशाहीविषयी विविध राष्ट्रांनी घेतलेल्या भूमिकांची कसोटी गोव्याच्या प्रश्नावर लागली. आंतोन्यू द ऑलिव्हैरा सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या संविधानाने त्याची ‘नवराज्य’ ही एकाधिकारशाही दृढ झाली. स्पेनमधील फ्रँकोच्या राजवटीस हिटलर व मुसोलिनी यांचे साहाय्य लाभले होते; म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ डिसेंबर १९४६ रोजी माद्रिदमधील राजदूत परत बोलाविण्याची शिफारस केली. पोर्तुगालवर असा बहिष्कार पडला नाही. युद्धात तटस्थ असूनही त्याने १९४३ मध्ये अझोर्स बेटांवरील तळ ब्रिटनला वापरू दिले होते. १९४९ मध्ये तो नाटोचा संस्थापक सदस्य झाला.

गोव्यात नागरी स्वातंत्र्यासाठी राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे सत्याग्रह केला. भारताने १९५० मध्ये केलेली वाटाघाटींची मागणी पोर्तुगालने फेटाळली व १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरविले. भारताने १९५३ मध्ये लिस्बनमधील वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. तरीही डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालसमवेतच्या संयुक्त पत्रकात या प्रदेशांचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असा केला. त्याच सुमारास भारतभेटीवर आलेल्या बुल्गानिन व ख्रुश्चॉव्ह यांनी भारताची बाजू उचलून धरली.

दाद्रा व नगरहवेलीसंबंधीच्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी नागरी वाहतुकीपुरता पोर्तुगालचा मार्गाधिकार मान्य केला, सैन्य व पोलीस यांच्यासाठी मात्र तो अमान्य केला. भारताने कोणताही नियमभंग केला नसल्याचा निर्वाळाही दिला. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने गोव्यासह पोर्तुगालचे सागरपार प्रदेश अस्वयंशासित ठरविले. त्यामुळे ‘प्रांत’ हा युक्तिवाद निष्प्रभ झाला.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी सुरक्षा समितीत मांडलेल्या युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावास सात मते पडली. रशिया, श्रीलंका (तत्कालीन सिलोन), लायबीरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी विरोध केला आणि रशियाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज सैन्य शरण आले. लोकशाहीवादी पाश्चात्त्य राष्ट्रांनी बलप्रयोगाचा निषेध केला. परंतु तत्पूर्वी लष्करी हितसंबंधांपायी सालाझारवर परिणामकारक दडपण आणले नव्हते. पोर्तुगालमधील हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली. त्यानंतर ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.