जीपीएस घेताय? आधी डेटम बघा

२ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये जिओकॅशिंगचा पहिला डबा लपवला गेला! तेव्हापासून हातातलं यंत्र घेताना मंडळी रंगीत स्क्रीन, मेमरी विचारतात. मी आधी बघतो, मॅप डेटम बदलता येतो का.

कारण उदगीरच्या किल्ल्यावर सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा घेऊन गेलात, तर तो एव्हरेस्टने १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीवर बेतलेला. जीपीएसची पृथ्वी वेगळी, डब्ल्यूजीएस-८४. फरक शंभरेक मीटरचा. म्हणजे बुरुजाऐवजी थेट खंदकात :)

ती जुनी पृथ्वी तरी आली कुठून? आपल्या शेजारूनच! लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला मोजणी सुरू केली, १८१५ मध्ये तो बीदरजवळ पोचला. साखळी आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन, बरं का. १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. त्याचेच आकडे पुढे एव्हरेस्टने वापरले.

२००५ च्या धोरणानंतरचे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, ते मिळाले तर डेटमची कटकट नाही. बाकी यंत्र एए सेलवर चालणारं घ्या, किल्ल्यात चार्जर कुठे लावणार?