आयर्लंडच्या खेड्यांतील शाळा आणि खेळ

खेळ नाहींसे होतात ते कोणी बंदी घातली म्हणूनच नव्हे. पुष्कळदां ते शिकविणारे वडीलधारे नाहींसे होतात म्हणून. आयर्लंडांत असेंच घडलें. १८३१ मध्यें इंग्रज सरकारनें तेथें राष्ट्रीय शाळा सुरू केल्या. पण त्यांत घरच्या आयरिश भाषेला प्रारंभीं थारा नव्हता. पुढें १८४५ पासूनच्या महादुष्काळानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं आणि मैदानेंही सुनीं झालीं.

अखेर १८८४ मध्यें मायकेल क्यूसॅक नांवाच्या एका शिक्षकाच्या पुढाकारानें थर्ल्स येथें गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था निघाली. अ‍ॅश वृक्षाच्या लांकडी काठीनें चेंडू टोलविण्याचा हर्लिंग हा प्राचीन खेळ तिनें पुन्हां उभा केला. आज तेथील अनेक ग्रामीण शाळांत मुलामुलींच्या हातीं ही काठी दिसते.

स्वतंत्र आयर्लंडांत १९३७-३८ सालीं मुलांनींच एक मोठें कार्य केलें. सुमारें ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांनीं, नेहमींच्या निबंधाऐवजीं, वृद्धांना विचारून गोष्टी, म्हणी, घरगुती औषधें आणि जुने खेळ वह्यांत उतरविले. त्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत जतन केलेल्या आहेत.

निबंध तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्या मास्तराला ही योजना फार मोलाची वाटते. आजोबांचा खेळ नातवानें विचारला, लिहिला आणि मैदानांत खेळला, कीं तो सहसा मरत नाहीं.