मांजरांचा मूत्रविकार आणि उपचारनिर्णय : परळच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुंबईतील संघटित पशुसेवेचा आरंभ १८३४ मध्ये स्थापन झालेल्या पांजरपोळात दिसतो. त्याचा हेतू आश्रय देणे हा होता. पुढे परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय यांमुळे आश्रयास निदानाची जोड मिळाली. तथापि तत्कालीन पशुवैद्यकाचे लक्ष प्रामुख्याने घोडे व गुरे यांकडे होते. मांजर उपेक्षितच राहिले.

मांजरांच्या वारंवार उद्भवणाऱ्या मूत्रविकाराचा सखोल अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. १९८० च्या दशकात स्ट्रुव्हाइट खडे टाळण्यासाठी आहारातील मॅग्नेशियम घटवून मूत्र आम्लधर्मी राखण्यावर भर दिला गेला. त्यानंतर कॅल्शियम ऑक्झलेट खड्यांचे प्रमाण वाढले. स्ट्रुव्हाइट आहाराने विरघळतो, ऑक्झलेट विरघळत नाही. शिवाय अनेक मांजरांत खडा वा जंतुसंसर्ग आढळत नाही. तेथे ताणाचा वाटा मोठा असतो. अशा वेळी प्रतिजैविकांपेक्षा भरपूर पाणी व शांत परिसर हितकर ठरतात. बोक्याची लघवी अडल्यास मात्र तातडीचा उपचार अनिवार्य होय. वारंवार अडल्यास केलेली शस्त्रक्रिया मार्ग रुंद करते, मूळ दाह नाहीसा करीत नाही.

सारांश, भूतदया उपचारास प्रवृत्त करते. परंतु कोणता उपचार, हे निदानानेच ठरावे.