स्पॉकला मारायचं की नाही?

शुक्रवारी संध्याकाळी आमचं रिलीज गेलं आणि तासाभरात क्लायंटचा मेल आला. बटण उजवीकडे का आहे? तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच ते उजवीकडे न्यायला सांगितलं होतं! वैतागून शनिवारी 'स्टार ट्रेक'चा दुसरा सिनेमा लावला, 'द रॅथ ऑफ खान'. कितव्यांदा ते विचारू नका. पण या वेळी त्याचा इतिहास जास्त आठवत राहिला. कारण प्रश्न तोच होता: ज्यांच्यासाठी बनवायचं त्यांना विचारून बनवायचं का?

'स्टार ट्रेक' मालिका अमेरिकेत एनबीसीवर १९६६ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या सीझननंतर ती बंद पडणार अशी कुणकुण लागली. बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रांची मोहीम उभी केली, पत्रांचे ढीग पडले आणि १९६८ मध्ये तिसरा सीझन आला. तेव्हापासून चाहत्यांच्या मनात बसलं की हे जहाज आपण वाचवलंय, म्हणजे थोडं आपलंही आहे. खोटं होतं असंही नाही.

मग १९८२चा सिनेमा. स्पॉकचं काम करणारा लिओनार्ड निमॉय परत यायला फारसा उत्सुक नव्हता, म्हणून त्याला स्पॉकच्या मृत्यूचा दमदार प्रसंग देऊ केला गेला. (चाळीस वर्षं होऊन गेलीत, आता स्पॉयलरची तक्रार चालणार नाही.) बातमी फुटली आणि चाहते खवळले. स्पॉकला मारू नका!

आता दोनच रस्ते दिसतात. ऐका, नाहीतर दुर्लक्ष करा. दिग्दर्शक निकोलस मेयरने तिसरा काढला. सिनेमाच्या पहिल्याच प्रसंगात स्पॉक कोसळतो. मग कळतं की ही तर ट्रेनिंगची परीक्षा आहे. पुढे कर्क त्यावरून त्याची थट्टाही करतो. हॉलमधल्या चाहत्याला वाटतं, हात्तिच्या, एवढंच होय! तो सैलावून बसतो, आणि शेवटी जहाज वाचवताना स्पॉक खरोखर मरतो. चाहत्यांची भीती मेयरने ऐकली, पण त्यांची मागणी मानली नाही.

शेवट मात्र थोडा वाकला. चाचणी खेळानंतर स्पॉकची शवपेटी नव्या ग्रहावर दिसते असा आशेचा शॉट टाकला गेला. मेयरचा त्याला विरोध होता. मलाही तो शॉट जोडल्यासारखा वाटतो. पण त्याच धाग्यावर १९८४चा पुढचा भाग उभा राहिला, तो निमॉयनेच दिग्दर्शित केला, हेही मान्य करायला हवं.

चाहते चुकतात का? चुकतात की! १९८८ मध्ये बॅटमॅनसाठी मायकल कीटनची निवड झाली. विनोदी कामं करणारा हा माणूस बॅटमॅन? वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रं गेली असं सांगतात. स्टुडिओ हलला नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई त्याच सिनेमाने केली.

आणि बरोबरही असतात. एप्रिल २०१९ मध्ये 'सॉनिक'चा ट्रेलर आला. त्या निळ्या प्राण्याला चक्क माणसाचे दात! ओरडा झाला, दिग्दर्शकाने काही दिवसांतच बदल मान्य केला, रिलीज नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेलं. नवं रूप घडवण्यात पुढे होता टायसन हेस, बरीच वर्षं सॉनिकची कॉमिक्स काढलेला चित्रकार. सिनेमा चालला, पुढचे भागही आले.

फरक काय? बॅटमॅनच्या वेळी लोक न पाहिलेल्या गोष्टीबद्दल अंदाज बांधत होते. सॉनिकच्या वेळी डोळ्यांना खुपलं ते सांगत होते. कुठे दुखतंय ते पेशंटच सांगणार, पण औषध डॉक्टरनेच लिहायचं. म्हणून माझं मत: स्टुडिओने चाहत्यांना जरूर विचारावं, पण काहीतरी दाखवून मग विचारावं. पटकथा मात्र त्यांच्याकडून लिहून घेऊ नये. सगळ्यांच्या इच्छेप्रमाणे बनवला असता तर स्पॉक जगला असता, आणि मी हा सिनेमा इतक्यांदा पाहिला नसता.

असो. सोमवारी क्लायंटला फोन करणार आहे. बटण कुठे हवं हे विचारणार नाही. ते शोधताना नक्की कुठे अडलात, एवढंच विचारीन. खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच विचारायला हवं होतं.