भंडाऱ्याचे पितळ आणि कल्हई
भंडारा शहराची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची. या भांड्यांना लोखंडासारखा गंज चढत नसला, तरी ताक, चिंच असले आंबट पदार्थ त्यांत कळकत आणि खाणाऱ्याला बाधत. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भाता घेऊन दारोदार फिरे. भांडे घासून तापवायचे, नवसागराने धातूवरचा मळ उडवायचा आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचे. खरे कसब या शेवटच्या हातात. मोटारीच्या पत्र्यावरचे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. कथील मात्र नुसता आडपडदा. तो झिजला की कल्हई पुन्हा करावीच लागे. स्टेनलेस स्टील घरोघरी पोचले आणि कल्हईवाल्याची फेरी विरळ झाली.