शनिवार दुपारचं चालणं : शिकागोभोवतीचं रान सार्वजनिक कसं झालं



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज सहलींच्या इतिहासावर बोलणार, हे ऐकून काहींना गंमत वाटली असेल. पण त्याला कारण आहे. गेली काही वर्षं उन्हाळ्याचे दोन-तीन महिने आम्ही मुलीकडे काढतो, शिकागोच्या पश्चिमेच्या एका उपनगरात. घरापासून पाच मिनिटांवर एक लांबलचक पायवाट आहे. नाव 'इलिनॉय प्रेअरी पाथ'. सकाळी आम्ही तिथे फिरायला जातो. कुणी अडवत नाही, कुणी तिकीट मागत नाही. पहिल्या वर्षी मनात साधा प्रश्न आला, ही जागा कुणाची? उत्तर मिळालं, 'सार्वजनिक आहे'. आता 'सार्वजनिक' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कसा तयार होतो याकडे लक्षच जात नाही. आज शिकागोच्या निमित्ताने तेवढंच बघायचं आहे.

आधी जागेची कल्पना घेऊ. शिकागो हे मिशिगन सरोवराच्या काठी वसलेलं सपाट शहर. डोंगर नाही, किल्ला नाही. मूळची भूमी म्हणजे प्रेअरी, उंच गवताचा माळ. मधून वाहणाऱ्या संथ नद्या, काठाने ओक वृक्षांची राई, आणि सरोवराच्या दक्षिण टोकाला, शेजारच्या इंडियाना राज्यात, वाळूच्या टेकड्या. ही भूमी पोटावाटोमी आणि इतर आदिवासी जमातींची. १८३३ च्या तहानंतर त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे जावं लागलं. म्हणजे 'सर्वांची' म्हणून आपण आज जिची गोष्ट सांगणार, ती जमीन आधी कुणाकडून तरी काढून घेतलेली आहे. हे विसरून पुढे जाता येणार नाही.

मग शहर वाढलं. १८७१ च्या मोठ्या आगीत बरंचसं जळालं, तरी १८९० पर्यंत लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेली आणि १९१० पर्यंत एकवीस लाखांच्या. कत्तलखाने, पोलाद, रेल्वे, धूर. सरोवराकाठची एक पट्टी मोकळी राहिली, त्याचीही कथा आहे. १८३६ च्या नकाशावर तिथे लिहिलेलं होतं की ही सार्वजनिक जागा कायम मोकळी राहावी, इथे इमारत होऊ नये. पण नकाशावरच्या ओळीला कोण विचारतो? माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८९० पासून वीसएक वर्षं खटले लढवले, तेव्हा ती ओळ खरी ठरली. गावातले प्रतिष्ठित लोक त्याच्यावर रागावले, कारण त्यांना तिथे चांगल्या-चांगल्या इमारती बांधायच्या होत्या. आज ज्या ग्रँट पार्कमध्ये पर्यटक फोटो काढतात, ती जागा त्याच्या हट्टामुळे मोकळी आहे.

पण शहराच्या आतली बाग वेगळी आणि शहराबाहेरचं रान वेगळं. त्या रानासाठी झटलेल्यांत दोन नावं लक्षात ठेवा. एक ड्वाइट पर्किन्स, वास्तुविशारद. दुसरे येन्स येन्सन. हे डेन्मार्कहून १८८४ साली अमेरिकेत आले आणि शिकागोच्या बागांमध्ये साधे मजूर म्हणून लागले. पुढे बागांचे अधीक्षक झाले. मधे भ्रष्टाचारात सामील व्हायला नकार दिला म्हणून नोकरीही गेली, पुन्हा बोलावणं आलं. येन्सनचं म्हणणं असं की युरोपातली फुलझाडं आणून लावण्यापेक्षा इथलं माळावरचं गवत आणि इथली रानफुलं लोकांना दाखवा. पर्किन्स आणि येन्सन यांनी १९०४ च्या सुमारास अहवाल तयार केला की शहराभोवतीची जंगलं आणि नदीकाठ आत्ताच विकत घ्या, उद्या मिळणार नाहीत.

अहवाल झाला. आपल्याला ठाऊक आहे, अहवालांचं काय होतं ते.

इथे आमच्या मते गोष्टीला वळण मिळतं. १९०८ साली शिकागोच्या क्रीडांगण संघटनेने 'शनिवार दुपारचं चालणं' सुरू केलं. शनिवार दुपार का? कारण बऱ्याच नोकरदारांना तेवढीच अर्धी सुट्टी मिळत असे. मार्ग आधी जाहीर व्हायचा. लोक ट्रामने किंवा रेल्वेने शहराच्या कडेला जायचे आणि तिथून पायी. त्यात शिक्षिका होत्या, कारकून होते, प्राध्यापक होते. याच साली वाळूच्या टेकड्यांच्या बाजूला जाणारी विजेची रेल्वेही सुरू झाली. १९११ मध्ये या चालणाऱ्यांचा रीतसर 'प्रेअरी क्लब' झाला.

आता बघा, अहवाल वाचून कुणी मत देत नाही. पण ज्या राईत आपण डबा खाल्ला, ती तोडली जाणार म्हटल्यावर माणूस उठून बसतो. राखीव रानाचा कायदा करण्याचे आधीचे प्रयत्न टिकले नव्हते. १९१३ चा कायदा टिकला, १९१४ च्या नोव्हेंबरात कुक काउंटीच्या मतदारांनी सार्वमतात त्याला कौल दिला आणि १९१६ मध्ये पॅलाटाइनजवळची डिअर ग्रोव्हची जमीन पहिली म्हणून खरेदी झाली. आज कुक काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हकडे जवळजवळ सत्तर हजार एकर जमीन आहे, म्हणजे काउंटीच्या साधारण अकरा टक्के. एवढ्या महागड्या जमिनीत! केवळ चालण्यामुळे हे झालं असं आम्ही म्हणत नाही. पण चालणाऱ्यांशिवाय ते झालं असतं, असंही वाटत नाही.

वाळूच्या टेकड्यांची कथा जास्त चटका लावणारी. शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री कोल्स विद्यार्थ्यांना घेऊन या टेकड्यांवर हिंडायचे. सरोवराच्या काठाकडून आत चालत गेलं की आधी उघडी वाळू, मग गवत, मग झुडपं, मग ओकचं जंगल. कोल्स यांच्या लक्षात आलं की ही नुसती जागेची रांग नाही, ही काळाची रांग आहे. एका दुपारच्या चालण्यात शेकडो वर्षांचा बदल पायाखालून जातो. १८९९ मध्ये त्यांनी यावर लेखमाला प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतल्या परिसरशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव लागलं. पण १९०६ पासून तिथेच गॅरी नावाचं पोलादाचं शहर उभं राहत होतं. मिशिगन सिटीची सुमारे दोनशे फुटी 'हूझियर स्लाइड' ही टेकडी तर काचेच्या बरण्या बनवायला वाळू म्हणून वॅगन भरभरून गेली. टेकडीच संपली.

१९१६ च्या ऑक्टोबरात स्टीफन मेदर यांनी शिकागोत सुनावणी घेतली. हेच पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक झाले. सुनावणीत कोल्स बोलले, येन्सन बोलले. पण अमेरिका महायुद्धात उतरली आणि राष्ट्रीय उद्यानाची कल्पना बासनात गेली. १९२० च्या दशकात इंडियानाने एक राज्य उद्यान केलं. १९५२ मध्ये डोरोथी ब्यूएल यांनी स्त्रियांना एकत्र करून 'सेव्ह द ड्यून्स' परिषद स्थापन केली. इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस पाठीशी उभे राहिले. गंमत अशी की टेकड्या इंडियानात आणि लढणारा सिनेटर शेजारच्या राज्याचा! १९६६ मध्ये तडजोड झाली. बंदर आणि पोलाद कारखानाही झाला, आणि राष्ट्रीय सरोवरकाठही झाला. राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळायला २०१९ उजाडलं. मेदरच्या सुनावणीनंतर १०३ वर्षांनी.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल.

२७ जुलै १९१९, रविवार. प्रचंड उकाडा. शिकागोच्या दक्षिण भागात यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर सरोवरात तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत २९ व्या रस्त्याच्या किनाऱ्याकडे गेला. तो भाग गोऱ्यांचा समजला जाई. 'समजला जाई' हे शब्द लक्षात घ्या. तसा कायदा नव्हता, फलक नव्हता, पाण्यावर तर रेघही मारता येत नाही. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. हजर असलेल्या पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. त्यानंतर जवळजवळ आठवडाभर दंगल चालली. ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे.

प्रेअरी क्लबची माणसं रानात मोकळी हिंडत होती, त्याच शहरात, त्याच दशकात हे घडलं. सरोवर सगळ्यांचं, असं कागद म्हणत होता. पाण्यात उतरल्यावर कळलं की 'सगळे' या शब्दात कोण कोण येतं.

जॉन ड्यूई हा तत्त्वज्ञ १८९४ ते १९०४ शिकागोत शिकवत होता. जेन ॲडम्स यांच्या हल हाउसशी त्याचा जवळचा संबंध होता. 'सार्वजनिक' म्हणजे काय, यावर त्याने १९२७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचा आशय आमच्या शब्दांत असा : काही लोकांच्या व्यवहाराचे परिणाम इतरांना भोगावे लागतात, आणि ते भोगणारे जेव्हा एकमेकांना ओळखतात, तेव्हा 'सार्वजनिक' जन्माला येतं. ते आधीपासून तयार पडलेलं नसतं. आणि याच १९२७ च्या मार्चमध्ये कोलंबिया विद्यापीठात ड्यूईकडे शिकलेले बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा होता. तोही कागदच होता. हजारो माणसं एकत्र चालत तळ्यावर गेली, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला, आणि त्याची किंमतही त्यांना मारहाणीत मोजावी लागली.

शिकागोतही तेच करावं लागलं. १९६० आणि ६१ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीय आणि गोरे तरुण मिळून रेनबो बीचवर गेले आणि पाण्यात उतरले. दगड तेव्हाही आले. माणसं पुन्हा गेली. १९०८ च्या शनिवारच्या चालण्यात आणि या चालण्यात धोक्याचा फरक फार मोठा आहे, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण जागा सर्वांची होण्याचा मार्ग दोन्हीकडे एकच दिसतो : तिथे एकत्र जाणं, आणि जात राहणं.

आता आमच्या पायवाटेकडे परत येऊ. १९६३ मध्ये मे वॉट्स नावाच्या सत्तरीच्या बाईंनी 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं. बंद पडलेल्या रेल्वेची जागा चालणाऱ्यांना द्या, बुलडोझर पलीकडे वाट बघत आहेत, वेळ दवडू नका, असा त्याचा मतितार्थ. त्यातून 'प्रेअरी पाथ' उभा राहिला. या मे वॉट्स कोण? कोल्स यांच्या विद्यार्थिनी. वाळूच्या टेकड्यांवर गुरूच्या मागे चाललेली मुलगी म्हातारपणी आमच्यासारख्यांना चालायला वाट करून गेली.

उन्हाळ्यात इथली मराठी मंडळी फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये सहल काढतात. एखादी राई आधी परवाना काढून ठरवायची, मग कोळशावर कणसं, मुलांची लगोरी, शेजारच्या राईत मेक्सिकन कुटुंबाची गाणी. मागच्या वेळी एका तरुणाने आम्हाला विचारलं, "काका, ही एवढी जागा सरकारने फुकट कशी काय ठेवली?" आम्ही म्हटलं, "बाबा रे, फुकट नाही आणि नुसती सरकारनेही नाही. बस, सांगतो." त्याला सांगितलं तेच आज तुम्हाला सांगितलं.

इथेच थांबतो.