द्राक्षमद्याचे आस्वादन व वर्णन

द्राक्षांच्या रसाचे किण्वन करून तयार केलेल्या मद्याचा (वाइनचा) रंग, गंध, चव व तोंडात होणारा स्पर्श यांची क्रमवार परीक्षा करणे आणि तिचा निष्कर्ष दुसऱ्यास समजेल अशा शब्दांत मांडणे, यास द्राक्षमद्याचे आस्वादन म्हणतात. परीक्षेची कृती साधी आहे. चषकात थोडेसे मद्य घेऊन तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरपा धरतात व रंग आणि निवळपणा पाहतात. चषक न हलवता एकदा व तो गोल फिरवून पुन्हा एकदा हुंगतात. नंतर घोटभर मद्य तोंडात घोळवून त्यातून थोडी हवा ओढून घेतात. अनेक नमुने तपासावयाचे असल्यास घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू व मांसरसासारखी (उमामी) अशा मोजक्याच चवी कळतात. व्यवहारात ज्याला मद्याची ‘चव’ म्हणतात, तो बहुतांशी गंधच असून तो घशामागच्या मार्गाने नाकात पोहोचतो. टॅनिनामुळे येणारा तुरटपणा पाश्चात्त्य शरीरक्रियाविज्ञान सामान्यतः स्पर्शसंवेदनांत धरते. आयुर्वेदाने मात्र कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे.

खरी अडचण गंधाला नाव देण्याची आहे. तांबडा, पिवळा, निळा अशी रंगांना स्वतंत्र नावे असतात. तशी गंधांना युरोपीय भाषांत फारशी नाहीत. गंध ज्या वस्तूला येतो, त्या वस्तूच्या नावानेच तो सांगावा लागतो. त्यामुळे आस्वादनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी शब्दांचा इतिहास आहे. मद्याची किंमत, त्याची प्रतिष्ठा आणि कित्येकदा भेसळीचा निवाडाही या शब्दांवर अवलंबून राहिलेला आहे.

प्राचीन काळी वर्णनात गंधाला दुय्यम स्थान होते. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी (सु. २३–७९) याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाचा चौदावा खंड द्राक्षवेल व मद्य यांना वाहिला असून फालेर्नियन या प्रसिद्ध मद्याचे उग्र, गोड व हलके असे तीन प्रकार सांगितले आहेत. ग्रीक वैद्य गेलेन (१२९–सु. २१६) याने सम्राट मार्कस ऑरिलियस याच्यासाठी विषहारक औषध सिद्ध करताना राजवाड्याच्या तळघरातील वीस वर्षांहून जुनी फालेर्नियन मद्ये चाखून पाहिली व ज्यात कडवटपणाचा लेशही नाही, असे मद्य निवडले. दोघांच्याही दृष्टीने गोडी, तीव्रता, जुनेपणा व प्रकृतीवरील परिणाम हेच महत्त्वाचे होते. मद्य त्याच्या प्रदेशाच्या नावाने ओळखण्याची प्रथाही जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मधु नामक मद्याला त्याच्या उगमप्रदेशावरून कापिशायन व हारहूरक म्हटले आहे.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये आंरी द आंदेली या कवीने तेराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मद्यांच्या लढाईवर एक काव्य रचले. त्यात राजा फिलिपपुढे ठिकठिकाणची मद्ये हजर होतात आणि एक इंग्रज धर्मोपदेशक ती चाखून वाईट मद्यांना धर्मबहिष्कृत करतो. स्पर्धेत सायप्रसचे मद्य श्रेष्ठ ठरते. काव्य विनोदी आहे; पण जाणत्या परीक्षकाने अनेक प्रदेशांची मद्ये एकत्र तोलावीत, ही कल्पना त्या काळी रूढ होती, हे त्यावरून दिसते. प्रत्यक्ष बाजारात हे काम दलाल करीत. आता खवय्या या अर्थाने वापरला जाणारा ‘गुर्मे’ हा फ्रेंच शब्द मुळात मद्य पारखणाऱ्या व्यापारी सेवकासाठी होता. या मंडळींचे ज्ञान हातोहात चाले व फारसे लिहिले जात नसे. भाव पाडून मागण्यास किंवा माल नाकारण्यास पुरेल एवढाच त्यांचा शब्दसंग्रह होता.

सतराव्या शतकात परिस्थिती बदलू लागली. जाड काचेची बाटली व घट्ट बूच यांमुळे मद्य वर्षानुवर्षे साठवून मुरविता येऊ लागले आणि एकाच मळ्याचे निरनिराळ्या वर्षांचे मद्य शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. इंग्रज दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस याने १० एप्रिल १६६३ रोजी लंडनमधील एका पानगृहात ओ-ब्रियाँ हे बॉर्दोजवळच्या मळ्याचे मद्य घेतल्याची व त्याची चव चांगली आणि अगदी आगळी असल्याची नोंद केली आहे. तोवर ग्राहक प्रदेशाचे किंवा बंदराचे नाव घेऊन मद्य मागे. येथे एका विशिष्ट मळ्याची स्वतंत्र चव एका सामान्य ग्राहकाने ओळखली. मात्र ती चव कशासारखी होती, हे पेपिस सांगत नाही. त्यासाठी लागणारी भाषाच तेव्हा तयार नव्हती.

ही भाषा एकोणिसाव्या शतकातही अपुरीच राहिली. पॅरिसमधील मद्यव्यापारी आंद्रे झ्यूलियँ याने १८१६ मध्ये ज्ञात द्राक्षमळ्यांचे वर्गीकरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इंग्रज लेखक सायरस रेडिंग याचा आधुनिक मद्यांवरील ग्रंथ १८३३ मध्ये निघाला. या ग्रंथांत व्हायोलेट फुले, रासबेरी अशी मोजकी गंधनामे येतात. बाकी सारा भर अंगाचा भरीवपणा, जोम व कोमलपणा यांवर असतो. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बॉर्दोच्या दलालांनी तांबड्या मद्यांची जी सुप्रसिद्ध प्रतवारी केली, तिचा मुख्य आधार बाजारात दीर्घकाळ मिळत आलेली किंमत हा होता. पिढ्यानपिढ्यांच्या आस्वादनाचा निष्कर्ष त्या किमतीत उतरला आहे, असे दलाल मानीत आणि ते अगदीच निराधार नव्हते. परंतु एक मद्य दुसऱ्याहून श्रेष्ठ का, याचा उलगडा त्या यादीवरून होत नाही. १९७३ मध्ये मूताँ-रॉथशिल्ड या मळ्याला पहिल्या श्रेणीत मिळालेली बढती सोडल्यास ती यादी जवळजवळ जशीच्या तशी टिकून आहे.

इंग्लंडमध्ये या उणिवेची भरपाई साहित्यिक लेखनाने केली. समीक्षक जॉर्ज सेंट्सबरी (१८४५–१९३३) याचे आपल्या तळघरातील मद्यांवरील पुस्तक १९२० मध्ये निघाले आणि त्याने पुढील लेखनाला वळण लावले. मद्य कुलीन, मर्दानी, उमदे किंवा भिडस्त ठरू लागले. या लेखनात रसिकता व विद्वत्ता आहे. पण ते मद्यापेक्षा लेखकाची अभिरुची व त्याचा सामाजिक दर्जाच अधिक सांगते. जेम्स थर्बर याने १९३७ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकातील एका व्यंगचित्रात या शैलीची थट्टा केली, तेव्हा ती वाचकांच्या चांगलीच परिचयाची झालेली होती.

शास्त्रीय आस्वादनाचा उगम व्यावहारिक गरजेतून झाला. फ्रान्समध्ये १८६० नंतर फिलॉक्सेरा या किडीने मळे उद्ध्वस्त केले आणि टंचाईच्या काळात भेसळ बोकाळली. १९०५ मध्ये फसवणुकीविरुद्ध कायदा झाला व १९३५ मध्ये प्रदेशनामांचे नियमन करणारी राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. प्रदेशाचे नाव धारण करणारे मद्य त्या नावाला साजेसे आहे काय, याचा निर्णय रासायनिक विश्लेषणाइतकाच आस्वादकांच्या मंडळावरही सोपविला गेला. चुकीच्या शब्दाने उत्पादकाचे वर्षाचे उत्पन्न बुडू शकत असल्याने शब्दांच्या अर्थाबाबत काटेकोरपणा आवश्यक झाला. अमेरिकेत १९२०–३३ या काळातील दारूबंदीमुळे मद्यनिर्मितीची परंपराच खंडित झाली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विभागात मेनार्ड अमेरिन (१९११–९८) व त्यांचे सहकारी यांनी वीस गुणांची परीक्षापद्धती १९५९ च्या सुमारास रूढ केली. ती मुख्यतः दोष हुडकण्यासाठी होती. ज्याचा अर्थ दाखविता येत नाही असा शब्द वापरू नये, हा अमेरिन यांचा आग्रह होता. एडवर्ड रॉस्लर यांच्यासह त्यांनी लिहिलेला आस्वादपरीक्षेवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संख्याशास्त्रीय कसोट्यांना मोठे स्थान आहे.

बॉर्दोचे एमील पेनो (१९१२–२००४) यांची भूमिका याहून वेगळी होती. ते रसायनज्ञ असले, तरी तळघरांत उत्पादकांबरोबर वावरलेले होते. त्यांच्या मते मद्याचे सौष्ठव हे गोडी (हिच्यात अल्कोहॉलची गोडसर जाणीवही येते) एका बाजूस आणि आम्लता व टॅनिनाचा कडवट-तुरटपणा दुसऱ्या बाजूस, यांच्या समतोलावर अवलंबून असते. त्यांचा मद्याच्या रुचीवरील फ्रेंच ग्रंथ १९८० मध्ये निघाला. शब्द अपुरे पडतात हे मान्य करूनही ते टाकून देण्यास पेनो तयार नव्हते, कारण आपल्याला काय जाणवले हे सांगता न येणारा आस्वादक मद्य सुधारण्याच्या कामी निरुपयोगी ठरतो. परीक्षेची साधनेही याच सुमारास प्रमाणित झाली. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्ये वर निमुळत्या होत जाणाऱ्या, सु. २१५ मिली. क्षमतेच्या चषकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात ५० मिली. मद्य घ्यावयाचे असते, म्हणजे उरलेल्या पोकळीत गंध साठून राहतो.

या साऱ्या प्रयत्नांत सर्वाधिक प्रभावी ठरले ते डेव्हिस येथील ॲन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेले गंधचक्र. यात तीन समकेंद्री वर्तुळे आहेत. आतील वर्तुळात फलगंधी, पुष्पगंधी, मसालेदार, वनस्पतिजन्य, मातकट, काष्ठगंधी इ. बारा व्यापक गट असून बाहेरील वर्तुळांकडे जावे तसतशी नावे नेमकी होत जातात. उदा., वनस्पतिजन्य गटातील ताज्या गंधांत ढोबळी मिरची व पुदिना येतात, शिजविलेल्यांत शतावरीचे कोंब, तर वाळविलेल्यांत चहा व तंबाखू. ‘डौलदार’, ‘समतोल’ असे मूल्यदर्शक शब्द चक्रातून कटाक्षाने वगळले आहेत. चक्राहूनही महत्त्वाचा भाग म्हणजे त्यासोबतची कृती होय. सौम्य मद्यात ढोबळ्या मिरचीचा तुकडा, डबाबंद शतावरीचे पाणी किंवा स्ट्रॉबेरीचा मुरंबा थोडासा घालून नमुना तयार करावयाचा व सर्वांनी तो हुंगून त्या शब्दाचा अर्थ निश्चित करावयाचा. सेंट्सबरीच्या उमद्या मद्याचा नमुना असा पेल्यात ठेवता येत नाही. फ्रान्समध्ये झाँ लन्वार यांनी १९८१ मध्ये गंधांच्या कुप्यांचा जो संच काढला, त्याचाही हेतू हाच होता. त्याच्या मोठ्या संचात ५४ कुप्या आहेत.

कित्येक गंधांमागील रासायनिक कारणेही सापडली. काबर्ने सोव्हिन्यों मद्यातील ढोबळ्या मिरचीचा वास मिथॉक्सिपायराझीन वर्गातील संयुगाने येतो. तो नॅनोग्रॅममध्ये मोजाव्या लागणाऱ्या अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. ओकच्या पिंपांतून व्हॅनिलाचा व नारळाचा गंध उतरतो, तर लोण्याचा वास डायॲसिटिलामुळे येतो. बुचाच्या दोषाने येणारा कुबट वास ट्रायक्लोरोॲनिसोलाचा असल्याचे १९८० नंतर निश्चित झाले. शिराझमधील काळ्या मिऱ्यांच्या गंधाचे कारण रोटुंडोन हे आहे, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले, मात्र सु. एकपंचमांश लोकांना तो गंध मुळीच जाणवत नाही, असेही त्यांना आढळले. अशा दोन आस्वादकांचे मतभेद तर्काने मिटणारे नसतात.

आस्वादनाच्या विश्वसनीयतेवर जोरदार आक्षेपही घेतले गेले. भाषाशास्त्रज्ञ एड्रिएन लेरर यांच्या १९८३ च्या ग्रंथातील प्रयोगांत, एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याने मद्य ओळखण्याचे प्रमाण योगायोगाहून फारसे अधिक नव्हते. झील मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे व दनी द्यूबूर्द्यू यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॉर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांनी तांबडा रंग मिसळलेल्या पांढऱ्या मद्याच्या गंधाला तांबड्या मद्याचे शब्द लावले. ‘तज्ञांना तांबडे व पांढरे यांतील भेद कळत नाही’ असा या प्रयोगाचा अर्थ वारंवार लावला जातो, तो अतिशयोक्त आहे. परीक्षार्थी विद्यार्थी होते आणि प्रश्न गंधाच्या शब्दांचा होता. डोळ्यांना दिसलेला रंग शब्दांची निवड आधीच ठरवून टाकतो, हा त्याचा खरा निष्कर्ष होय. कॅलिफोर्नियाच्या राज्य-मेळाव्यातील स्पर्धेत एकाच बाटलीतील मद्य परीक्षकांना न सांगता तीनदा देण्यात आले, तेव्हा सु. दहा टक्के परीक्षकांचेच गुण जवळपास सारखे आले, असे रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ पासून प्रचारात आणलेल्या शंभर गुणांच्या पद्धतीने तोवर जगभरच्या किमती हलविल्या होत्या, हे लक्षात घेता हा निष्कर्ष गंभीर ठरतो. दोष ओळखणे व गंधांची नोंद करणे यांसाठी प्रशिक्षित आस्वादक उपयुक्त आहेत. एका गुणाच्या फरकाला मात्र फारसा अर्थ नाही.

रूढ शब्दसंग्रह युरोपीय स्वयंपाकघरातून व बागांतून आलेला आहे. सोव्हिन्यों ब्लांचे वर्णन करताना गूजबेरीचा आणि काबर्नेचे करताना ब्लॅक करंटचा उल्लेख होतो. ही फळे महाराष्ट्रातील बहुतेकांनी पाहिलेलीही नसतात. १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव परिसरात आणि १९९० नंतर नासिक परिसरात मद्यनिर्मिती सुरू झाली. शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानंतर ती वाढून महाराष्ट्र हे भारतातील सर्वांत मोठे द्राक्षमद्य-उत्पादक राज्य झाले. नोबल यांच्या पद्धतीत मूळ वस्तू बदलण्यास मज्जाव नाही. शब्दाचा नमुना सर्वांना हुंगता आला म्हणजे झाले. सोव्हिन्यों ब्लांमधील ज्या गंधकयुक्त संयुगांना युरोपात कृष्णकमळाच्या फळाचा गंध म्हणतात, त्यांचा वास पिकलेल्या पेरूलाही येतो आणि पेरू नासिकच्या कोणत्याही बाजारात मिळतो.